ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी: तोडायचं कुठे, श्वास घ्यायचा कुठे?

सूत्रधारीण
मंडळी, मदत हवी आहे आणि हातात चारच दिवस आहेत.

येत्या रविवारी मिरजेत कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या परिषदेचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलंय. भावगीतांचे कार्यक्रम, पतपेढीच्या वार्षिक सभा, गणपतीत पाककृती स्पर्धा, एकदा तर कुस्त्यांचं मैदानसुद्धा मी बोलून काढलंय. शब्दाला कधी घाबरले नाही. पण आयोजकांनी पाठवलेल्या कागदावर पहिल्याच ओळीत 'ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी' आहे, आणि अख्ख्या कार्यक्रमात तो सहा वेळा येतो. मोजलाय मी. "ई.एन.टी. म्हटलं तर चालेल का?" असं विचारून पाहिलं. "मॅडम, फलकावर जे आहे तेच पाहिजे," असं उत्तर आलं.

तर माझे प्रश्न. ऱ्हायनो म्हणायचं की रायनो? लॅरिंगॉ की लॅरिंजॉ? जोर कुठे? आणि एका दमात होत नसेल तर मध्ये श्वास कुठे घेऊ म्हणजे डॉक्टर मंडळी हसणार नाहीत?

आणखी एक. लेकीने डिक्शनरी बघून सांगितलं की यात नऊ सिलेबल आहेत. मी बोटांवर मोजते तर दहा भरतात: ओ, टो, ऱ्हा, य, नो, लॅ, रिं, गॉ, लॉ, जी. तीनदा मोजले. एक कुठे गेलं?

पेशंट_नं_१२
घशाच्या डॉक्टरांसमोर घसा कोरडा पडणार. याहून चांगली सोय कुठे मिळणार, ताई? निर्धास्त जा.

तिसरं_वर्ष
मी याच विषयात एम.एस. करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. आधी गुपित सांगते: हा शब्द आम्हीही म्हणत नाही. वॉर्डात ई.एन.टी., ओपीडीत ई.एन.टी., कँटीनमध्ये ई.एन.टी. पूर्ण शब्द भेटतो तो प्रबंधाच्या पहिल्या पानावर आणि पदवीच्या कागदावर. जुन्या डॉक्टरांच्या पाटीवर 'डी.ओ.आर.एल.' वाचलं असेल ना? त्यातले ओ, आर, एल म्हणजे हेच तीन अवयव.

आता उत्तरं. ह म्हणायचा नाही, रायनो. लॅरिंगॉ, ग कडक. सगळ्यात जास्त जोर त्या गॉ वर. त्याच्यामागचा 'लॉ' इतका दाबून बोला की 'ल' च ऐकू आला पाहिजे: गॉ-ल-जी.

ग चं एक सूत्र आहे. इंग्रजीत त्या जी अक्षरापुढे ओ, ए, यू आला की ग, आणि ई, आय, वाय आला की बहुधा ज. म्हणून लॅरिंगॉलॉजीत पहिला ग आणि शेवटचा ज. अक्षर एकच, शब्दही एकच. लॅरिंजायटिसमध्ये पुढे आय आहे, तिथे ज. स्वरयंत्र काढून टाकायची शस्त्रक्रिया लॅरिंजेक्टमी, तिथेही ज. पण श्वासाची नळी घालताना वापरतो ते लॅरिंगोस्कोप, ग. आता खरं सांगायचं तर आमच्या ऑपरेशन थिएटरात निम्मे लोक सर्रास 'लॅरिंजोस्कोप' म्हणतात, त्यात माझे सरही आले. तेव्हा रविवारी कुणी हसलंच तर तो स्वतः काय म्हणतो ते आधी ऐका.

यमाताराज
सूत्रधारीणबाई, हरवलेलं एक मी शोधून देतो. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

तुम्ही मोजलीत ती अक्षरं, म्हणजे लिहिताना जी सुटी दिसतात ती. डिक्शनरी मोजते ते तोंडाचे झटके. दोन्ही एकच असतात असं आपल्याला देवनागरीमुळे वाटतं, कारण पुष्कळदा ते जुळतात. पण 'गाय' म्हणून पाहा. लिहिताना गा आणि य, दोन. तोंडाचा झटका एकच, कारण त्या य मधला अ आपण फक्त कागदावर म्हणतो. तुमच्या 'राय' चं तेच आहे. दहाव्याचा पत्ता लागला?

याच्या उलट मौज जोडाक्षरात. 'पत्नी' लिहितो प आणि त्नी असं, म्हणतो मात्र पत् आणि नी असं. तो त् मागच्या प च्या गळ्यात पडतो, त्याचं ओझं वाढतं, म्हणून तर वृत्तात जोडाक्षरामागचं अक्षर गुरू धरतात. पोरं हा नियम घोकतात आणि कारण कुणी सांगत नाही. कारण हे आहे. आणि 'कुऱ्हाड' मधला कु मात्र लघुच राहतो, कारण तिथे ऱ्ह चा आघात मागे येत नाही. कान शाबूत असला की नियम पाठ करावा लागत नाही.

आता राहवत नाही म्हणून तुमच्या शब्दाचे गण पाडले. ओटोरा मातारा, म गण. यनोलॅ यमाता, य गण. रिंगॉलॉ पुन्हा म गण. उरला जी, गुरू. म य म ग. दहा अक्षरांत एकटा य लघु, बाकी सगळे गुरू. मात्रा किती? एकोणीस. आणि इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं मोजा, तीही एकोणीसच. योगायोग आहे, पण दुपारची झोप त्यात गेली.

सूत्रधारीण
गाय! गुरुजी, दंडवत घ्या. लेकीला सांगितलं, ती म्हणाली "आई, हे आम्हाला शाळेत का नाही सांगत?"

काडीपैलवान
मला एक कळत नाही. 'कान-नाक-घसा' हे छान मराठी असताना मिरजेत ग्रीक कशाला? सहा अक्षरांत काम होतं.

यमाताराज
सहा अक्षरं, झटके चारच. कान्, नाक्, घ, सा. तुमचा मुद्दा आणखी बळकट करून दिला, घ्या.

तिसरं_वर्ष
@काडीपैलवान, रुग्णाशी बोलताना तेच म्हणतो हो. पण घसा म्हणजे नक्की कुठला भाग? अन्न जातं तो मागचा बोगदा, की आवाज निघतो ते स्वरयंत्र? 'घसा बसला' यातला घसा वेगळा आणि 'घशात घास अडकला' यातला वेगळा. लॅरिंक्स म्हणजे फक्त स्वरयंत्र. आणि आपल्याकडची जुनी संज्ञा हवी असेल तर आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक 'शालाक्य' आहे, शलाका म्हणजे सळई, तिच्यावरून. त्यात गळ्याच्या हाडाच्या वरचं सगळं येतं, पण मग डोळेही येतात. रविवारी डोळ्यांचे डॉक्टर बोलावलेले नाहीत.

काडीपैलवान
बरं. मग याहून लांब एक टाकतो, जरा व्यायाम करा: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस.

तिसरं_वर्ष
येणारच होता हा. तो रोग नाही, शब्दकोड्यांचा शब्द आहे. अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली मुद्दाम घडवला, पंचेचाळीस अक्षरांचा. डॉक्टर 'सिलिकोसिस' म्हणतात आणि मोकळे होतात. आमचा शब्द निदान कुणाच्या तरी पदवीवर तरी असतो.

अथीनाकर
चौदा वर्षं अथेन्समध्ये आहे, हा धागा बघून बोटं शिवशिवली.

तुकडे असे. ऊस म्हणजे कान (होय, ऊसच), त्याचं षष्ठीचं रूप ओतोस. रीस म्हणजे नाक, षष्ठी रीनोस. लारुंक्स, षष्ठी लारुंगोस. शेवटी लोगोस. प्रत्येक शब्दाचं षष्ठीतलं अंग घ्यायचं आणि मध्ये 'ओ' चा डिंक लावायचा: ओत+ओ+रीन+ओ+लारुंग+ओ+लोगी. पुढे स्वर आला की डिंक लागत नाही, म्हणून राइनायटिस, ओटायटिस, लॅरिंजायटिस. आपण इंग्रजीत 'ऑलॉजी' हा प्रत्यय आहे असं धरतो, पण त्यातला पहिला ऑ प्रत्ययाचा नाही, डिंकाचा आहे.

तो ह कुठून आला? प्राचीन ग्रीकात शब्दाच्या सुरुवातीचा र नेहमी थोडी हवा सोडून म्हणत, आपल्या ऱ्ह सारखा. रोमनांकडे त्यासाठी अक्षर नव्हतं, म्हणून त्यांनी र पुढे ह जोडला. इंग्रजीत हवा गेली, ह राहिला. आपलं नशीब बघा: ऱ्ह आपल्याकडे तयार आहे, तऱ्हा, वऱ्हाड, गुऱ्हाळ. म्हणजे आयोजकांच्या कागदावरचा 'ऱ्हायनो' हा अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सच्या जास्त जवळचा आहे आणि आजच्या लंडनच्या लांब. तरी ताईंनी रायनोच म्हणावं, समोर बसलेले लंडनवाले आहेत.

हेच बाकीच्या महाप्राणांचं, म्हणजे हवा सोडून म्हणायच्या अक्षरांचं. 'ऑफ्थॅल्मॉलॉजी' मधला फ मूळ ग्रीकात फळातला फ होता, फॅनमधला नव्हे, आणि थ थाळीतलाच. ख सुद्धा होता. इंग्रजाला दोन दोन अक्षरं जोडून जे लिहावं लागतं ते देवनागरी एका अक्षरात लिहिते.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट. लारुंगोस लिहिताना ग्रीक लोक 'न' लिहीतच नाहीत. दोन ग लिहितात, ग-ग, आणि पहिला ङ म्हणून वाचतात. क, ख, ग च्या आधी आलेला ग म्हणजे ङ. आठवलं काही? अङ्ग, शङ्ख, पङ्क. आपला परसवर्ण, म्हणजे पुढच्या व्यंजनाच्या घरातलाच अनुनासिक! आपण त्यावर टिंब दिलं, त्यांनी ग दिला.

यमाताराज
अथीनाकर, हे वाचून उठून एक फेरी मारून आलो. ग्रीकांचा परसवर्ण! पुढची पिढी टिंब देऊन मोकळी होते आणि त्या टिंबाखाली कुठला नाकातला आवाज दडलाय हे विसरते. सूत्रधारीणबाई, 'लॅरिं' म्हणताना जीभ टाळ्याच्या मागे लावा, दातांमागे नको. लॅरिन्-गॉ नव्हे, लॅरिङ्-गॉ. 'अंग' म्हणताना जीभ जिथे जाते तिथे.

मुळामुठेकाठी
अवांतर, पण नाकाचा विषय निघाला आणि पुणेकर गप्प बसला असं व्हायला नको.

१७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकात एक पत्र छापून आलं. इंग्रज फौजेबरोबरचा कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या कैदेत सापडला, तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ वीट-कुंभार जातीच्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक बनवायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, भोवती रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवायची, दोन डोळ्यांमधला एक देठ मात्र तसाच ठेवायचा, रक्त पोचायला. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज सर्जन तिथे हजर होते. ते वाचून लंडनचे सर्जन कार्प्यू यांनी तयारी केली आणि १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली. 'राइनोप्लास्टी' चं नाव त्यानंतरचं, जर्मनीच्या ग्रेफ यांनी १८१८ च्या आपल्या ग्रंथाला दिलेलं. म्हणजे नाक आधी पुण्यात जोडलं, 'रायनो' मागून आला.

पेशंट_नं_१२
पुणेकरांना नाक आहे हे आता शास्त्राने सिद्ध.

सूत्रधारीण
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण मुद्द्यावर या हो. श्वास कुठे घेऊ?

खिळेजुळवे
श्वासाचं माहीत नाही, तोडण्याचं सांगतो. तोच माझा धंदा होता. आधी छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी, मग संगणकावर पानं लावायचं डीटीपी.

खिळ्यांच्या जमान्यात आमच्याकडे एका दवाखान्याच्या उद्घाटनाची पत्रिका आली. डॉक्टरांच्या नावाखाली हाच शब्द. स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, बसेना. दुसरी भानगड म्हणजे चंद्र. आमच्या खिळ्यांच्या पेटीत ॅ आणि ॉ चे खिळे मोजके, 'बँक' आणि 'डॉक्टर' यातच संपायचे. या एका शब्दाला एक ॅ आणि दोन ॉ लागतात आणि पत्रिकेत तो तीन ठिकाणी. शेजारच्या प्रेसमधून वाटीभर साखर मागावी तसे चंद्र मागून आणले. शेवटी ओळ तोडली: वर 'ओटोऱ्हायनोलॅ', आडवी रेघ, खाली 'रिंगॉलॉजी'. कच्चं प्रूफ बघायला डॉक्टर स्वतः आले. चष्मा वर करून म्हणाले, "अहो, हा लॅ कशाला असा लोंबकळत ठेवलाय? माझ्या पेशंटची पडजीभ वाटतेय." मी पुन्हा जुळवलं: 'ओटोऱ्हायनो' वर, 'लॅरिंगॉलॉजी' खाली. बघितलं आणि मान डोलावली. तेव्हा मला अर्थ ठाऊक नव्हता, पण डोळ्याला तिथेच शिवण दिसत होती.

मुलीच्या डिक्शनरीबद्दल एक. मूळ शब्दात जे ठिपके दिलेले असतात ते मुख्यतः ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा यासाठी, उच्चारासाठी नव्हेत. उच्चार शेजारच्या कंसात असतो. अमेरिकन छापखाने तोंडाप्रमाणे तोडतात, इंग्लंडातले जुने लोक व्युत्पत्तीप्रमाणे तोडायचे. 'फोटोग्राफी' अमेरिकन माणूस 'फोटॉग' वर तोडतो, जुना इंग्रज 'फोटो' वर. आम्हा डीटीपीवाल्यांना हे संगणक करून द्यायला लागला त्यामागे स्टॅनफर्डच्या फ्रँक लियांग यांचं १९८३ चं काम आहे, अक्षरांच्या ठेवणीवरून तोड ओळखणारं. मराठीत मात्र अजून यंत्र कुठेही तोडतं. परवाच पेपरात 'मुख्यमं' एका ओळीत आणि 'त्री' दुसऱ्या ओळीत बघितलं.

काडीपैलवान
म्हणजे अर्थाने तोडलं की एक, तोंडाने तोडलं की दुसरं, आणि कागदाने तोडलं की तिसरं. मग बरोबर कुठलं?

यमाताराज
तिन्ही आपापल्या जागी. 'विद्यार्थी' घ्या. अर्थाने विद्या अधिक अर्थी. लिहिताना वि, द्या, र्थी. म्हणताना विद्, द्यार्, थी. त्या मधल्या 'आ' वर दोघांचा हक्क आहे, विद्येचाही आणि अर्थीचाही. तो वाटून देता येत नाही, म्हणून तर संधी म्हणतात. 'हेलिकॉप्टर' सगळे हेली आणि कॉप्टर असं तोडतात, हे आकाशातलं यान पृथ्वीवरच्या हेलीच्या मालकीचं असल्यासारखं. मूळ तुकडे हेलिको, म्हणजे मळसूत्र, आणि प्टर, म्हणजे पंख. पण 'प्टर' ने सुरू होणारा तुकडा कुणाच्या जिभेला पेलणार?

या शब्दाचं वैशिष्ट्य हे की शेवटाच्या थोडं आधीपर्यंत अर्थ आणि तोंड हातात हात घालून चालतात. ओटो, रायनो, दोन्हीकडून तोड तीच. पुढे बिनसतं. अर्थ म्हणतो लॅरिंगो, मग लॉजी. तोंड म्हणतं लॅरिं, मग गॉलजी, कारण जोर गॉ वर आहे आणि जोराचा झटका आपला ग मागे सोडायला तयार नाही.

तिसरं_वर्ष
गुरुजींचं अगदी बरोबर, आणि त्यातूनच ठेका निघतो. लॉजी, ग्राफी, स्कोपी, टमी असल्या शेपटाच्या शब्दांत इंग्रजी जोर शेवटून तिसऱ्या झटक्यावर असतो. फोटोग्राफमध्ये पहिल्यावर, पण फोटॉग्राफीत 'टॉ' वर. इथे गॉ वर मोठा जोर, आणि त्याआधी ओ, राय, लॅ यांवर छोटे जोर. म्हणजे:

ओ-टो / राय-नो / लॅ-रिङ् / गॉ-ल-जी

दोन, दोन, दोन, तीन. टाळी देऊन म्हणून बघा ताई, एकदा बसलं की चुकत नाही. लोक चुकतात ते सगळीकडे सारखा भार देतात म्हणून. आपल्या भाषेला अशा जोराची सवय नाही, मग नऊ गुरू एकामागे एक मालगाडीसारखे निघतात.

दुसरी युक्ती: शेवटाकडून पाठ करा. आधी 'जी'. मग 'लजी'. मग 'गॉलजी', 'रिङ्गॉलजी', 'लॅरिङ्गॉलजी'. असं मागे मागे जात 'ओ' पर्यंत. पुढून पाठ केलं की सुरुवात घट्ट होते आणि शेपटाला दम संपतो. मागून केलं की जसजसं पुढे जावं तसतसा ओळखीचा रस्ता लागतो.

काडीपैलवान
इंग्रजासारखा 'ल' कशाला दाबायचा? आपण बायॉलॉजी म्हणतो, लॉ स्वच्छ म्हणतो. मिरजेत मराठी माणसांसमोर मराठी वळणाने 'लॅरिंगॉलॉजी' म्हटलं तर काय बिघडलं?

तिसरं_वर्ष
काही बिघडलं नाही. हे पटलं. लॉ स्वच्छ म्हणा, फक्त गॉ पेक्षा वरचढ होऊ देऊ नका.

सूत्रधारीण
माझंही मत तेच पडतंय. उगीच ल दाबायला गेले तर लोकांना वाटेल बाई आखडू आहेत. ज चं मात्र बरं आहे, ई पुढे असला की मराठीतही तालव्यच, तिथे वेगळं काही करावं लागत नाही.

बर्लिनचा_वडापाव
ताई, जर्मनीत असतात तर प्रश्नच नव्हता. इथे पाटीवर 'हाल्स-नाझेन-ओरेन', म्हणजे घसा-नाक-कान. आपलेच तीन, उलट्या क्रमाने. आणि राय बीय काही नाही, जिथे लांब शब्द लागतो तिथे 'रीनो'. आय हा इंग्रजांचा कारभार. माझी स्पॅनिश शेजारीण तर डॉक्टरला नुसतं 'ओतोर्रिनो' म्हणते, र दोनदा घोळवून, आणि पुढचं सोडून देते. म्हणजे खिळेजुळवे काकांना जिथे शिवण दिसली तिथेच स्पॅनिश लोकांनी कात्री चालवली.

अथीनाकर
इथे पाटीवर तीनच अक्षरं, ओमेगा, रो, लाम्दा. पण कुणी आग्रहच धरला तर शास्त्राचं पूर्ण नाव असं: ओ-तो-री-नो-ला-रिङ्-गो-लो-यी-आ. जोर 'यी' वर. आजच्या ग्रीकात ई च्या आधी आलेला ग जवळजवळ य होतो. आणि मोजा पाहू किती झटके.

सूत्रधारीण
दहा!!! म्हणजे माझी बोटं ग्रीक होती.

पेशंट_नं_१२
माझ्या हॉस्पिटलात सिस्टरबाई 'लार्निक्स' म्हणतात. त्यांना काय सांगू?

यमाताराज
काही सांगू नका. आपण 'नुकसान' चं 'नुसकान' केलं आणि 'ह्रस्व' चं 'ऱ्हस्व' करून शाळेच्या पुस्तकात छापलं. वर्णविपर्यय, म्हणजे आवाजांची अदलाबदल, हा जिभेचा स्वभाव आहे. तसंच दोन सारखे आवाज शेजारी आले की एक गिळणं. आपला 'नकटा' मुळात 'नाककटा', एक क नाकासकट गेला. या शब्दातही ओटोरायनो मधला 'रायनो' गाळून 'ओटोलॅरिंगॉलॉजी' म्हणतात, पण तिथे मात्र तो दुसरा अधिकृत शब्द आहे, चूक नव्हे.

यतीबद्दल, म्हणजे वृत्तात मध्ये थांबायच्या जागेबद्दल, माझं मत. चार झटके, मग यती, मग पाच. ओटोरायनो । लॅरिंगॉलॉजी. अर्थही तिथे तुटतो, तोंडही, कागदही. एरवी भांडणारे तिघे तिथे एकमत आहेत.

तिसरं_वर्ष
यती ठीक, पण थांबू नका हं ताई. मनातल्या मनात स्वल्पविराम. श्वास शब्दाच्या आधी भरून घ्या.

तुम्ही आवाजावर जगता म्हणून एक सांगते. जिवंत माणसाच्या बोलत्या स्वरतंतूंचा शोध घेताना ते नीट पाहण्याचं श्रेय ज्यांना देतात ते डॉक्टर नव्हते, गाण्याचे शिक्षक होते. मान्वेल गार्सिया. १८५४ साली त्यांनी दंतवैद्याचा लांब दांडीचा छोटा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने सूर्याचं ऊन त्यावर पाडलं आणि स्वतःचा घसा स्वतः पाहिला. पुढच्या वर्षी ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. आमच्या विषयातला 'लॅरिंगो' उभा राहिला तो त्या आरशावर. परिषदेत बोलायला हवं तर वापरा, खात्रीची गोष्ट आहे.

सूत्रधारीण
वापरणार! सरावाची बातमी: कुकरच्या तीन शिट्ट्यांत सत्तावीस वेळा म्हणून झालं. लेक खोलीचं दार लावून बसलीय. नवरा म्हणतो, "आता झोपेतही लॅरिंग लॅरिंग करतेस."

खिळेजुळवे
कागदावर मोठ्या अक्षरात दोन ओळींत लिहून न्या. वर ओटोरायनो, खाली लॅरिंगॉलॉजी. लॅ लोंबकळू देऊ नका.

सूत्रधारीण
(रविवार, रात्र)

आले. ऐका.

पाच वेळा शब्द तुपात घोळल्यासारखा निघाला. दोन, दोन, दोन, तीन. स्वागताला, प्रास्ताविकाला, पाहुण्यांच्या परिचयाला दोनदा, स्मरणिकेच्या प्रकाशनाला. गार्सियांची गोष्ट सांगितली तर पहिल्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे डॉक्टर शेजाऱ्याला कोपर मारून "बघ" म्हणाले. पाहुण्यांनी स्वतःच्या भाषणात 'लॅरिंजॉलॉजी' म्हटलं, तीनदा. मी तिसरं_वर्ष ताईंची आठवण काढली आणि चेहरा सरळ ठेवला.

सहावी वेळ आभारानंतरची, शेवटचं वाक्य. दिवसभर बोलून दम कमी झालेला. "अशा प्रकारे ही परिषद संपन्न झाली असे जाहीर करते, आणि धन्य ते आपले ओटोरायनो..." आणि मी स्वल्पविराम मनात न घेता छातीत घेतला. एवढासाच. साउंडवाल्या पोराला वाटलं झालं बाईंचं. त्याने सनई सोडली. तीही पूर्ण आवाजात, दोन्ही बाजूंच्या खांबांतून. लोक उठायला लागले, काहींनी टाळ्या वाजवल्या. मी 'लॅरिंगॉलॉजी' सनईवरच म्हटलं. गॉ समेवर पडला असं तबलजी मैत्रीण सांगतेय.

पेशंट_नं_१२
लग्न लागलं म्हणायचं.

यमाताराज
यती बरोबरच होती, बाई. त्या पोराला वृत्त माहीत नव्हतं.